आधी पत्रिका, मग रॅम

इंजिनिअरिंगच्या पोराला दोन गोष्टी कुणी शिकवत नाही. एक म्हणजे मेसच्या आमटीत डाळ शोधणं आणि दुसरी म्हणजे कॅबिनेट उघडून रॅम बदलणं. दोन्ही आपण आपल्याच हिमतीवर शिकतो. पहिलीत चुकलो तर फार तर उपाशी झोपतो. दुसरीत चुकलो तर घरच्यांच्या घामाचे पैसे पाण्यात जातात. म्हणून आजचा लेख दुसऱ्या गोष्टीवर.

आज मी स्टाफ रूममध्ये बसतो, पण २००५ साली मीही हॉस्टेलवरच होतो. घर सातारा जिल्ह्यात, कॉलेज सांगलीकडे. थर्ड इयरला असताना वडिलांनी साताऱ्याहून एक सेकंडहँड कॉम्प्युटर घेऊन दिला. पेंटियम फोर, इंटेल ८४५ चा बोर्ड, रॅम १२८ एमबी. मॉनिटर मांडीवर आणि कॅबिनेट दोन सीटच्या मधे ठेवून वडिलांनी तो एसटीनं आणला होता. कराडला गाडी थांबली तेव्हा चहाला उतरलेसुद्धा नाहीत, कुणी उचलून नेईल म्हणून. सोबत कंदी पेढ्याचा पुडा होता, तो रूमवर पोचल्यापासून चार मिनिटांत संपला. कॉम्प्युटर मात्र चालू व्हायलाच चार मिनिटं घ्यायचा.

ऑटोकॅड उघडलं की हार्डडिस्क घरघरायची आणि माउसचा बाण जागीच थिजायचा. (काउंटर स्ट्राइकचंही तेच व्हायचं, पण घरी सांगताना आपण ऑटोकॅडच सांगतो.) रॅम वाढवायला हवी यावर सगळ्या विंगचं एकमत झालं. शेजारच्या रूममधल्या मित्रानं आठवड्यापूर्वीच २५६ एमबी डीडीआर बसवली होती आणि त्याचं मशीन पळत होतं. मी विचारलं, "तुझा बोर्ड कुठला रे?" तो म्हणाला, "८४५." माझाही ८४५! मग विचारायचं काय राहिलं? वडिलांनी दुधाच्या बिलातून बाजूला काढून पाठवलेले पंधराशे रुपये घेतले, सायकल काढली आणि डीडीआर घेऊन आलो.

रूमवर आल्यावर कॅबिनेट उघडलं. आठ-दहा डोकी वाकून बघतायत. पट्टी स्लॉटवर धरली तर खाच जुळेना. उलटी करून बघितली, तरी जुळेना. मागून एक सीनियर ओरडला, "आरं दाब की! नवीन हाय म्हणून घट्ट लागतंय." मी दाबली. कट्ट असा आवाज आला आणि सगळे गप्प झाले. स्लॉटच्या टोकाचं पांढरं लॉक तुटून माझ्या हातात आलं होतं.

चूक काय झाली ते नंतर कळलं. माझा ८४५ आणि मित्राचा ८४५ हे एकाच नावाचे, पण वेगळ्या जातीचे बोर्ड होते. इंटेलचा ८४५ चिपसेट २००१ मध्ये बाजारात आला तो जुन्या एसडीरॅमसाठी. पुढच्या काही महिन्यांतच तोच चिपसेट डीडीआरसाठीही मिळू लागला. माझा बोर्ड आधीच्या खेपेतला होता. एसडीरॅमला १६८ पिना आणि दोन खाचा, डीडीआरला १८४ पिना आणि एकच खाच. खाच जुळत नव्हती, कारण ती जुळू नये म्हणूनच तशी केलेली होती! बनवणाऱ्यानं धोक्याची पाटी लावली होती आणि आम्ही सगळे भावी इंजिनिअर त्या पाटीवर अंगठ्यानं जोर लावत होतो.

दुकानात परत गेलो तर बिलाच्या तळाशी बारीक अक्षरात छापलेलं दाखवलं गेलं: विकलेला माल परत घेतला जाणार नाही. वाद घालायला तोंड नव्हतं, कारण दुकानदारानं विचारलेल्या "कुठली देऊ?" या प्रश्नाला "डीडीआर द्या" हे उत्तर मीच ठणकावून दिलं होतं. वडिलांना फोनवर "बसवली, छान चालतंय" असं सांगितलं. ते खोटं अजून टोचतं. लेखाचं खरं कारण तेच आहे.

आता तुम्ही म्हणाल, सर, ही वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. आता काय तिचं? सांगतो. मेमरीची पिढी बदलते तेव्हा दर वेळी हाच घोळ नव्यानं होतो. २००४ चा इंटेल ९१५ चिपसेट डीडीआरही घेत होता आणि डीडीआर२ ही. २००८ चा जी४१ डीडीआर२ च्या बोर्डवरही मिळायचा आणि डीडीआर३ च्याही. २०१५ चा एच११० काही बोर्डांवर डीडीआर३एल मागतो, काहींवर डीडीआर४. २०२२ चा बी६६० आणि २०२३ चा बी७६० यांचे बोर्ड डीडीआर४ चेही आहेत आणि डीडीआर५ चेही. काही बोर्डांवर तर दोन्ही प्रकारचे स्लॉट शेजारी शेजारी होते, पण एका वेळी एकच प्रकार चालायचा. तेव्हा "माझा आय-फाइव्ह बारावी पिढी आहे, रॅम द्या" हे वाक्य आणि माझं २००५ चं "८४५ आहे, डीडीआर द्या" हे वाक्य सख्खे भाऊ आहेत. प्रोसेसरचं नाव पुरत नाही, चिपसेटचंही पुरत नाही. बोर्डावर छापलेलं पूर्ण मॉडेल हवं, त्याच्या शेवटी असलेल्या डी४, डी५ अशा शेपटासकट आणि रिव्हिजन नंबरसकट.

आपल्या भागातलंच उदाहरण देतो. मिरज जंक्शनवर एके काळी तीन मापांचे रूळ होते. पुणे-कोल्हापूरची ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटर, बेळगाव-लोंढ्याकडची मीटरगेज १,००० मिलिमीटर, आणि पंढरपूर-कुर्डुवाडीकडून येणारी बार्शी लाइटची नॅरोगेज ७६२ मिलिमीटर. स्टेशन एक, पाटी एक, पण एका रुळावरचा डबा दुसऱ्यावर जात नव्हता. माणसांना उतरून गाडी बदलावी लागायची, मालाला हमाल लागायचे. पुढे सगळंच ब्रॉडगेज झालं आणि प्रश्न मिटला. मेमरीत तसं होत नाही, कारण इथे दर काही वर्षांनी नवीन गेज येतं आणि जुने रूळ तसेच राहतात. स्टेशनचं नाव वाचून डब्याचं माप कळत नाही, एवढं लक्षात ठेवलं तरी अर्धं काम झालं.

मापांचं कोष्टक तोंडपाठ करायची गरज नाही, पण एकदा नजरेखालून घाला. डीडीआर १८४ पिना, २.५ व्होल्ट. डीडीआर२ च्या २४० पिना, १.८ व्होल्ट. डीडीआर३ च्याही २४० च पिना, पण १.५ व्होल्ट आणि खाच वेगळ्या जागी. डीडीआर३एल म्हणजे त्याच खाचेची, १.३५ व्होल्टवर चालणारी. डीडीआर४ च्या २८८ पिना, १.२ व्होल्ट. डीडीआर५ च्याही २८८, पण १.१ व्होल्ट, खाच पुन्हा वेगळी, आणि व्होल्टेज सांभाळणारी चिप बोर्डाऐवजी पट्टीवरच. पिना सारख्या म्हणून पट्टी चालेल असं नाही, हे या आकड्यांतूनच दिसतं.

इथवरचं सोपं आहे, कारण खाच तरी आपल्याला अडवते. खरा चकवा तिथे लागतो जिथे खाच जुळते, लॉक 'टक' करून बसतं, आणि तरीही कॉम्प्युटर चालत नाही.

गेल्या वर्षी असाच एक सेकंड इयरचा मुलगा माझ्याकडे आला. साताऱ्याच्या चुलतभावाचा जुना डेस्कटॉप त्याला मिळाला होता. जी४१ बोर्ड, डीडीआर३, रॅम २ जीबी. त्यानं माझ्यासारखी घाई केली नव्हती. स्लॉट बघितला, डीडीआर३ आहे याची खात्री केली, मॅन्युअलमध्ये कमाल ८ जीबी लिहिलंय हेही वाचलं आणि ४ जीबीची एक डीडीआर३ पट्टी घेतली. बसली व्यवस्थित, पण पडद्यावर काहीच नाही, नुसती बीप, बीप, बीप. त्यानं मशीन रिपेअरवाल्याकडे नेलं. तिथे सांगितलं गेलं, "बोर्ड गेलाय, बदलावा लागेल." बदलायचा खर्च त्याच्या दोन महिन्यांच्या मेसबिलाएवढा होता. घरी फोन करायच्या आधी एकदा विचारावं म्हणून तो माझ्याकडे आला होता.

मी पट्टी हातात घेतली आणि चिपा मोजल्या. आठ. एका बाजूला आठ, दुसरी बाजू कोरी. तिथेच उत्तर होतं. लॅबच्या जुन्या डब्यातून ४ जीबीचीच, पण दोन्ही बाजूंना आठ-आठ अशा सोळा चिपांची पट्टी काढून लावली. बटण दाबलं, एकच बीप झाली आणि विंडोजचं चित्र आलं. बोर्डाला काहीही झालेलं नव्हतं.

यामागचं गणित आपल्या सिलॅबसमधलंच आहे. ४ जीबीची पट्टी दोन प्रकारे बनते: २ गिगाबिटच्या सोळा चिपा लावून किंवा ४ गिगाबिटच्या आठ चिपा लावून. बेरीज तीच, पण चिपच्या आतला पत्ता वेगळा. मेमरी म्हणजे ओळी आणि स्तंभांची मोठी जाळी. नेहमीच्या आठ बिटी डीडीआर३ चिपेत २ गिगाबिटला ओळीचा पत्ता १५ बिटांत मावतो, ४ गिगाबिटला १६ बिट लागतात. जी४१ चा मेमरी कंट्रोलर बनला तेव्हा त्याची मजल २ गिगाबिटच्या चिपेपर्यंतच ठेवलेली होती. परीक्षेच्या फॉर्मवर आडनावाला पंधरा चौकोन आहेत आणि तुमचं आडनाव सोळा अक्षरांचं आहे, तसा प्रकार. आडनावात खोट नाही, फॉर्मातही नाही, पण अर्ज बाद. म्हणूनच जुन्या बाजारातले जाणते दुकानदार आजही विचारतात, "जी४१ आहे का? मग सोळा चिपवाली न्या." अशा दुकानदाराला मनातल्या मनात नमस्कार करा. तो विकत नाही, शिकवतो.

हा किस्सा मला महत्त्वाचा वाटतो, कारण त्या मुलाची चूक आळसाची नव्हती. त्यानं तीन गोष्टी तपासल्या, चौथी राहिली. आणि चौथी राहिल्याचा निष्कर्ष काय निघाला, तर बोर्ड गेला! रॅम जुळत नाही याचा अर्थ रॅम खराब असा नाही, बोर्ड खराब असाही नाही. दोन्ही निर्दोष असू शकतात. आपल्याकडे लग्न मोडलं की कुणाचा तरी दोष काढल्याशिवाय चैन पडत नाही, तसं इथे करू नका.

आणखी काही चकवे भराभर सांगतो. जुन्या बाजारात डीडीआर३-डीडीआर४ ची सर्व्हरची रॅम कधी कधी फार स्वस्तात मिळते. लेबलवर 'आर' किंवा 'रजिस्टर्ड' असं असेल तर ती साध्या डेस्कटॉपवर चालणार नाही, खाच जुळली तरीही. तशीच 'फक्त एएमडीसाठी' म्हणून विकली जाणारी ४ जीबीची डीडीआर२ इंटेल बोर्डवर चालत नाही. काही छोट्या चणीच्या ब्रँडेड डेस्कटॉपमध्ये लॅपटॉपची आखूड रॅम लागते, हे कॅबिनेट उघडल्याशिवाय कळत नाही. एच११० च्या डीडीआर३एल बोर्डवर १.५ व्होल्टची जुनी पट्टी चालू होईलही, पण इंटेलनं ती अधिकृत मानलेली नाही, तेव्हा नसता प्रयोग नको. ३२ बिटी विंडोज असेल तर ८ जीबी टाकूनही वापरायला साधारण सव्वातीन जीबीच मिळेल, कारण ४ जीबीच्या पलीकडचे पत्ते तिला मोजता येत नाहीत आणि त्यातलेही काही ग्राफिक्स वगैरे जागा अडवतात. आधी ६४ बिटी सिस्टीम टाका, मग रॅम घ्या.

वेगाबद्दल पोरांचा फार गैरसमज आहे. ३२०० ची पट्टी घेतली म्हणजे ३२०० नं पळेल असं नाही. बोर्ड आणि प्रोसेसर २४०० पर्यंतच जात असतील तर ती २४०० नंच चालेल. जुनी २४०० ची आणि नवी ३२०० ची एकत्र लावली तरी दोघी हळूच्या चालीनं चालतात, बैलजोडीसारख्या. म्हणून वेगासाठी जादा पैसे देण्याआधी बोर्डाची मर्यादा बघा. त्यापेक्षा स्लॉटची जोडी जमवा. ८ जीबीच्या एका पट्टीऐवजी ४-४ च्या दोन सारख्या पट्ट्या योग्य स्लॉटमध्ये लावल्या तर मेमरीकडे जाणारे दोन्ही रस्ते वापरले जातात, आणि ज्यांच्याकडे वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही त्यांना फरक डोळ्यांनी दिसतो. अर्थात बोर्डाला दोनच स्लॉट असतील आणि पुढे १६ जीबी करायचं मनात असेल, तर आज ८ ची एक पट्टी घेऊन एक स्लॉट रिकामा ठेवणं शहाणपणाचं. दोन्ही बाजू आहेत, खिसा बघून ठरवा.

मग करायचं काय? माझी पद्धत सांगतो, पटली तर घ्या. पहिलं, बोर्डाचं पूर्ण नाव काढा. सीपीयू-झेडसारखं फुकट सॉफ्टवेअर ते दाखवतं, लिनक्सवाल्यांना डीएमआयडीकोड ही आज्ञा आहे, आणि काहीच जमलं नाही तर कॅबिनेट उघडून बोर्डावर छापलेलं वाचा. दुसरं, त्या बोर्डाचं मॅन्युअल कंपनीच्या साइटवरून उतरवा आणि मेमरीचं पान वाचा. प्रकार, कमाल क्षमता, एका स्लॉटची मर्यादा, किती पट्ट्या कुठल्या रंगाच्या स्लॉटमध्ये. सोबत चालणाऱ्या मेमरीची यादी असेल तर तीही बघा. यादीत नसलेली पट्टी चालणारच नाही असं नाही, पण असलेली चालण्याची खात्री जास्त. तिसरं, दुकानात जाताना जुनी पट्टी काढून सोबत न्या, निदान तिच्या लेबलचा आणि बोर्डाचा फोटो न्या. लेबलवर पीसी३-१२८०० असं काही दिसेल तर घाबरू नका. ती १६०० वेगाची डीडीआर३ च आहे, फक्त वेग सेकंदाला किती मेगाबाइट असा लिहिलाय, १६०० गुणिले ८. चौथं, बिलावर लिहून घ्या: अमुक मॉडेलच्या बोर्डावर न चालल्यास अमुक दिवसांत बदलून मिळेल. यात लाजायचं काही नाही. सरळ माणूस लिहून देतो, आणि जो देत नाही त्याच्याकडून घेऊ नका.

बसवतानाही घाई नको. वायर काढा, बटण एकदा दाबून उरलीसुरली वीज जाऊ द्या, कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा आणि मगच पट्टीला हात घाला, तोही कडेनं. जुन्या पट्टीच्या सोनेरी पिना काळवंडल्या असतील तर पांढरं खोडरबर हलक्या हातानं फिरवा आणि कण नीट झटका. निम्म्या 'मेलेल्या' कॉम्प्युटरांना एवढ्यानंच जीव येतो. आणि कॉम्प्युटर चालू झाला म्हणजे जमलं असंही समजू नका. मेमटेस्ट८६+ पेनड्राइव्हवर घेऊन रात्रभर चालवा. सकाळी एक जरी चूक दिसली तर पट्टी परत. रात्रभरात वीज जाईल ही सबब मला सांगू नका, मीही याच भागात राहिलोय. गेली तर दुसऱ्या रात्री लावा.

एवढी काटेकोर बडबड आत्ताच का, तर भावामुळे. २०२५ च्या शेवटच्या महिन्यांत रॅमचे भाव असे भडकले की जाणत्यांनीही तोंडात बोट घातलं. एआयच्या डेटा सेंटरांना मेमरीची प्रचंड भूक आहे आणि जगातली बहुतेक मेमरी सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीनच कंपन्यांकडून येते. त्यांनी माल तिकडे वळवला. मायक्रॉननं तर डिसेंबर २०२५ मध्ये आपला क्रूशल हा घरगुती ग्राहकांसाठीचा व्यवसाय बंद करत असल्याचं जाहीर केलं. कॅलिफोर्नियातल्या कुणाच्या तरी चॅटबॉटसाठी लागणाऱ्या चिपेचा भार विश्रामबागच्या दुकानात पट्टी घेणाऱ्या पोराच्या खिशावर पडतो, असा हा जमाना आहे. अशा वेळी चुकीची पट्टी घेणं ही गंमत राहत नाही.

आणि आज हॉस्टेलवर डेस्कटॉप वापरतं कोण? ज्याला लॅपटॉप परवडतो तो लॅपटॉप घेतो. उरतात ती पोरं चुलतभावाचं, मामाचं, बंद पडलेल्या सायबर कॅफेचं जुनं मशीन घेऊन येतात. म्हणजे रॅम जुळवायची कटकट नेमकी त्यांच्याच वाट्याला येते, ज्यांना चूक परवडत नाही. माझ्या वेळी निम्मं हॉस्टेल या बोटीत होतं, म्हणून विंगमध्ये कुणीतरी जाणता सापडायचा. आता असं पोरगं एकटं असतं, आणि एकटं पोरगं विचारायला लाजतं.

म्हणून माझ्या सहकाऱ्यांपुढे तीन गोष्टी मांडतो. पहिली, डेडस्टॉक रजिस्टरची. तिथे आपण 'संगणक, नग १' एवढंच लिहितो. बोर्डाचं मॉडेल, मेमरीचा प्रकार, रिकामे स्लॉट हे तीन रकाने वाढवले तर खरेदीच्या वेळी 'रॅम ८ जीबी, नग २०' अशी मोघम मागणी जाणार नाही. तीन कोटेशनं मागवून सर्वांत स्वस्त, पण न बसणारी रॅम घेतल्याचा प्रकार मी एका संस्थेत डोळ्यांनी पाहिलाय. ती खोकी तिथे बराच काळ तशीच पडून होती.

दुसरी, भंगारात जाणाऱ्या मशीनची. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा संपला. एच६१ सारख्या बोर्डांवरची जुनी मशीनं विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत, म्हणून ती निकाली काढायची घाई सगळीकडे सुरू आहे. पण त्याच एच६१ वर दोन स्लॉटमध्ये मिळून १६ जीबीपर्यंत डीडीआर३ चालते. ८ जीबी, एक साधी एसएसडी आणि उबुंटू एवढ्यावर प्रोग्रॅमिंगची प्रॅक्टिकलं मजेत होतात. जी मशीनं खरंच जाणार असतील त्यांची रॅम आधी काढून घ्या, मेमटेस्ट लावा, प्रकाराप्रमाणे चिठ्ठ्या लावून एका कपाटात ठेवा. नियमात बसवून, रजिस्टरला नोंद करून, पोरांना आठवडाभर लावून बघायला द्या. पुस्तकाची पेढी चालते तशी रॅमची पेढी का चालू नये? त्या जी४१ वाल्या मुलाला वाचवलं ते माझ्या ज्ञानानं कमी आणि त्या जुन्या डब्यानं जास्त.

तिसरी, फर्स्ट इयरला एक तरी प्रॅक्टिकल कॅबिनेट उघडण्याचं हवं. मेमरीची उतरंड फळ्यावर काढून दहा मार्क मिळवलेल्या पोराला खरी पट्टी कुठल्या बाजूनं धरायची ते माहीत नसेल, तर ते दहा मार्क आपले आहेत की त्याचे?

काही जण म्हणतील, एवढा खटाटोप जुन्या डबड्यांसाठी कशाला, नवीन घ्यावं. त्यात तथ्य आहे. पंधरा वर्षांच्या मशीनमध्ये त्याच्या किमतीइतकी रॅम ओतणं शहाणपण नाही, आणि जिथे प्रोसेसरच धापा टाकतोय तिथे रॅमनं चमत्कार होणार नाही. जी४१ वाल्या मुलालाही मी हेच सांगितलं: ही पट्टी वापर, पण याच्यात आणखी पैसे घालू नकोस, पुढच्या मशीनसाठी साठव. पण कुठे थांबायचं हे ठरवायलासुद्धा आधी आपल्याकडे काय आहे ते माहीत असावं लागतं. मॅन्युअलचं एक पान वाचल्याशिवाय ते कळत नाही. कुणी म्हणेल, हे काम दुकानदाराचं. दुकानदाराला हजार बोर्ड माहीत असतील, पण तुमच्या टेबलाखालचा कुठला आहे ते तुम्ही सांगितल्याशिवाय त्याला कसं कळणार?

लग्नाच्या पत्रिकेवर माझा विश्वास नाही. बोर्डाच्या पत्रिकेवर आहे, कारण ती बनवणाऱ्यानं स्वतः लिहिलेली असते आणि फुकट वाचायला मिळते.

ती २५६ एमबीची डीडीआर पट्टी अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, सोबत ते तुटलेलं पांढरं लॉकही. चार वर्षांपूर्वी वडील कॉलेज बघायला आले होते, तेव्हा त्यांना दोन्ही काढून दाखवलं आणि खरं काय झालं होतं ते सांगितलं. त्यांनी पट्टी हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि म्हणाले, "मला तवाच कळलं हुतं. फोनवर तू लईच खूश बोलत हुतास." मग थोड्या वेळानं विचारलं, "ही कशात बसंल रं आता?"

मी म्हटलं, शोधतोय. कुणाकडे ८४५ चा डीडीआरवाला बोर्ड असेल तर जरूर कळवा. मॉडेल पूर्ण लिहा, शेपटासकट.